‘छान आहे’च्या पुढे गाडी सरकत नाही: सोसायटीच्या वाचक कट्ट्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत वर्षभरापूर्वी वाचक कट्टा सुरू झाला. दर महिन्याला बारा-पंधरा जण जमतात. पुस्तक आधी ठरलेलं असतं, बहुतेकांनी ते वाचलेलंही असतं. पण बोलायची वेळ आली की ‘छान आहे’, ‘भावलं मला’, ‘मला नाही एवढं पटलं’ असं म्हणत दहा मिनिटांत सगळ्यांची पाळी संपते. मग दोन ज्येष्ठ सदस्यांची जुंपते, बाकीचे मोबाईल काढतात, आणि पोहे आले की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. प्रश्नकर्त्यांनी दोन उपाय योजलेत. प्रत्येकाने पुस्तकाला पाचपैकी गुण द्यायचे आणि सरासरी लिहून ठेवायची, हा एक. वाद होऊ नयेत म्हणून फक्त चांगलं बोलायचं, हा दुसरा. हे करावं का, आणि वर्गणी ठेवावी का, असं त्यांनी विचारलंय.

मी शाळेत ग्रंथपाल होते. इंदिरानगरमधला आमचा कट्टा बरीच वर्षं चालू आहे, आणि पंचवटी, सिडको, नाशिकरोडकडचे काही कट्टे सुरू होताना मी त्यांच्याबरोबर बसले आहे. त्यातले काही चालले, काही दुसऱ्या दिवाळीपर्यंतही टिकले नाहीत. त्यावरून जे कळलं ते सांगते.

दोन्ही उपाय करू नका. गुण द्यायला सांगा किंवा चांगलंच बोलायला सांगा, तुम्ही माणसाकडून पुस्तकाचा निकालच मागताय, आणि तुमचा कट्टा अडलाय तो तिथेच. ‘कसं वाटलं पुस्तक?’ असं पहिल्याला विचारलं की त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवल्यासारखं होतं. पुस्तक सुचवणाऱ्या ताई समोर, बैठक त्यांच्याच घरी, आतून फोडणीचा वास येतोय. अशा वेळी ‘शंभर पानांनंतर मला झोप आली’ म्हणायला बरीच हिंमत लागते. ‘छान आहे’ म्हणून मोकळं होणं सोपं. दोघातिघांनी तेच म्हटलं की चौथ्याला वेगळं बोलणं जड जातं. शिवाय निकाल लागल्यावर बोलायला उरतं काय? ज्यांना वाद आवडतो ते दोघंच उरतात.

म्हणून मी धरलेला क्रम म्हणजे पान आधी, मत नंतर. तो कसा चालतो ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या कट्ट्याबद्दल ज्या गोष्टी मला माहीत नाहीत आणि ज्यांच्यावर बरंच काही अवलंबून आहे, त्यांच्याकडे तुम्ही स्वतःच एकदा बघा.

सगळे सदस्य एकाच सोसायटीतले आहेत का, ही पहिली गोष्ट. वाचनालयाच्या कार्यक्रमात भेटणारी माणसं कार्यक्रम संपला की आपापल्या दिशेला जातात. शेजाऱ्यांचं तसं नसतं. उद्या सकाळी तेच लोक लिफ्टमध्ये भेटणार, पाण्याच्या टँकरवरून बोलणार, वार्षिक सभेत समोरासमोर येणार. त्यामुळे शेजारच्या माणसाच्या आवडत्या पुस्तकाला नावं ठेवणं म्हणजे थोडंफार त्यालाच नावं ठेवणं होऊन बसतं. हे उलट्या बाजूनेही चालतं. एका कट्ट्यात दोन गृहस्थांचं कादंबरीतल्या सावकारावरून दर वेळी वाजायचं. एक त्याची बाजू घ्यायचा, म्हणून दुसरा विरोधात. बरेच महिने आम्ही त्याला वैचारिक मतभेद समजत होतो. मुळात भांडण गच्चीवरच्या सोलर पॅनलच्या जागेचं होतं. तुमच्या दोघा ज्येष्ठांचा वाद खरंच पुस्तकाचा आहे ना, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना जरा विचारून घ्या. पुस्तकाचा असेल तर भाग्यवान आहात, त्याचा उपयोग करून घेता येतो. नसेल तर कट्ट्यावर कुठलाही नियम केलात तरी तो मिटणार नाही.

दुसरी गोष्ट, एकाच घरातली किती माणसं येतात. सासू-सून दोघी येत असतील तर सून पहिल्या दोन-तीन बैठकांत काही बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. एकत्र कुटुंबातल्या बाईची कथा असेल तर नाहीच. नवरा-बायको येत असतील तर नवरा ‘आम्हाला आवडलं’ असं दोघांच्या वतीने सांगून टाकतो. आमच्याकडे यावर सोपा तोडगा आहे: एका घरातली माणसं शेजारी-शेजारी बसत नाहीत आणि लागोपाठ बोलत नाहीत. आणि शक्य असेल तर बैठकीचे मध्येच दोन गट करायचे, पंधरा-वीस मिनिटं. सहा माणसांत बोलणारी बाई बारा माणसांत गप्प असते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विचारतही नाही, सरळ खुर्च्या वेगळ्या मांडते.

आता पानांबद्दल.

पुस्तक वाचताना प्रत्येकाने दोन जागा टिपून ठेवायच्या. एक, जिथे थांबून पुन्हा वाचावंसं वाटलं ती. दुसरी, जिथे अडखळलो, चिडलो, किंवा कंटाळून पान उलटलं ती. टिपायचं ते वहीत, वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालवायची नाही. आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या की पानांचे आकडे जुळत नाहीत आणि किंडलवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी, म्हणून प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्दही लिहून ठेवायचे. बैठकीत आपली पाळी आली की जागा सांगायची, पाच-सात ओळी मोठ्याने वाचायच्या, आणि तिथे आपलं काय झालं एवढंच सांगायचं. पुस्तक चांगलं की वाईट हे पहिला पाऊण तास कुणी बोलायचं नाही. कुणी चुकून ‘लेखकाने फार सुंदर...’ म्हणून सुरुवात केली की आमच्याकडे बाकीचे लगेच ‘पान?’ म्हणून ओरडतात. आता ती गंमतच झालीय.

मोठ्याने वाचण्याचा आग्रह मुद्दाम आहे. वाचलेलं महिनाभरात विसरलेलं असतं, मनात फक्त मत उरतं. ओळी कानावर पडल्या की बाकीच्यांनाही ते पान आठवतं आणि ते बोलायला लागतात. शिवाय ज्याला आपलं मत मांडणं जमत नाही त्यालाही वाचून दाखवणं जमतं. पहिल्यांदा तोंड उघडायला तेवढं पुरतं.

एक उदाहरण देते. आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेतलं होतं. तुम्ही तर हे पुस्तक घ्याच, कारण लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, जलालपूरचा, आणि जलालपूर तुमच्याच बाजूला, गंगापूरजवळ गोदाकाठी. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होत गेलं. त्याच्या नावाचा आदर इतका मोठा आहे की निकाल मागितला असता तर ‘मराठीतलं महत्त्वाचं आत्मचरित्र’ एवढं म्हणून सगळे गप्प बसले असते. दबक्या आवाजात मात्र दोन मतं होतीच. काही जणींना लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, राग आला होता: पैसा हातात टिकत नाही, न सांगता घर सोडून जातात, १८९५ साली बायकोला विश्वासात न घेता धर्मांतर करतात, आणि पुढची काही वर्षं ती एकटी. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना ‘फुलांमुलांच्या कवी’बद्दल असं बोललेलं खपत नव्हतं. नेहमीप्रमाणे चाललं असतं तर ‘नवरा कसा होता’ यावर खटला उभा राहिला असता आणि पुस्तक बाजूला पडलं असतं.

पानं वाचायला लागल्यावर वेगळंच घडलं. चिडलेल्या बायकांनी काढलेली पानं आणि शिक्षकांनी काढलेली पानं जवळजवळ एकच होती. तोच प्रसंग, तेच संवाद. एकीने तो चिडून वाचला आणि वाचतानाच तिला हसू आलं. मग प्रश्न निघाला की ही बाई आपल्यावर आलेला प्रसंग सांगताना आपल्याला हसवते कशी? टिळकांवर ती ठपका का ठेवत नाही? ठेवत नाही, की आपल्यालाच ठेवू देते? कुणीतरी मागे जाऊन वडिलांच्या सोवळ्याचं सुरुवातीचं वर्णन काढलं. तिथेही तेच. घरादाराची फरफट चाललेली, आणि सांगण्यात कुठे कढ नाही. एका बाईंचं म्हणणं पडलं की हे हसणं म्हणजे सोसायची सवय. दुसरीने ठामपणे सांगितलं की नाही, हा सूड आहे, फार हुशारीने घेतलेला. शिक्षकांनी टिळकांची बाजू सोडली नाही, पण लक्ष्मीबाईंच्या वाक्यांबद्दल ते जे बोलले ते मी वहीत उतरवून घेतलं. दोन तास कधी संपले कळलं नाही. आणि शेवटी ‘आता सांगा, आवडलं का’ म्हटल्यावर आलेली उत्तरं लांब होती, एकमेकांपासून वेगळी होती, आणि त्यात कुणीही ‘छान’ म्हणालं नाही.

मतभेद मिटले नाहीत, हे लक्षात घ्या. ते मिटावेत अशी माझी इच्छाही नसते. मतभेद पानावर आले की ते शेजाऱ्यांमधले राहत नाहीत, एवढाच त्यातला फायदा.

बोलण्याचा क्रम हाही महत्त्वाचा. ज्याने पुस्तक सुचवलं त्याने शेवटी बोलायचं. तो आधी बोलला तर त्याचं बोलणं पुस्तकाची वकिली होते आणि बाकीच्यांना उलटतपासणी तरी करावी लागते किंवा गप्प तरी बसावं लागतं. सगळ्यात नव्या सदस्याने पहिलं पान काढायचं. सगळ्यात जास्त वाचलेल्याने उशिरा बोलायचं. दर कट्ट्यात एक असे गृहस्थ असतातच ज्यांनी लेखकाचं सगळं वाचलेलं असतं, लेखकाला एकदा भेटलेले असतात, आणि सुरुवात ‘मुळात त्या काळात...’ अशी करतात. त्यांना थांबवणं अवघड, वयाचा मान असतो. मी त्यांना आधीच फोन करते: ‘काका, या लेखकाबद्दलची दहा मिनिटं तुमची, पण चहानंतर.’ मान राहतो, आणि चहानंतर त्यांचं खरोखर ऐकलंही जातं, कारण तोवर लोकांना प्रश्न पडलेले असतात. तुमच्या दोघा ज्येष्ठांपैकी एकाला हे काम देऊन बघा. दुसऱ्याला वेळ सांभाळायला द्या. घड्याळ हातात असलेला माणूस फार बोलत नाही.

ज्यांना काहीच आवडत नाही त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘फक्त चांगलं बोलायचं’ हा नियम मनात आलाय म्हणजे असा कुणीतरी असणार. त्याला जपा. आमच्याकडे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, प्रत्येक पुस्तकाला ‘भाषांतर केल्यासारखं’, ‘पसरट’, ‘उगाच गौरवलेलं’ असं काहीतरी म्हणायचे. त्यांना आम्ही सांगितलं की तुम्हाला सगळ्यात वाईट वाटलेला परिच्छेद वाचून दाखवा. त्यांनी दाखवला, आणि निम्म्या लोकांना त्यांचं म्हणणं पटलं. एका गाजलेल्या कादंबरीत एकाच प्रकरणात चार वेळा पाऊस ‘धो धो’ कोसळत होता, आणि ते इतक्या जणांनी वाचूनही कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. नुसतं ‘पसरट’ म्हटल्यावर लोक दुखावायचे. ओळी दाखवल्यावर ऐकायला लागले. निंदेला बंदी घातली असती तर कौतुकालाही किंमत राहिली नसती.

अर्धवट वाचून येणाऱ्यांचंही असंच. बरेच कट्टे ‘वाचून झालं नसेल तर येऊ नका’ म्हणतात. माझा त्याला विरोध आहे. अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये काम करणारा माणूस किंवा दहावीच्या मुलाची आई दर महिन्याला तीनशे पानं कुठून वाचणार? त्यांनी यावं, आणि कुठल्या पानावर सोडलं ते सांगावं. एकाच जागी तिघांनी पुस्तक सोडलेलं असेल तर त्या जागी नेमकं काय बिघडलंय हे शोधण्यात एक छान अर्धा तास जातो. एवढंच की शेवट फोडला म्हणून त्यांनी तक्रार करायची नाही. मात्र न वाचता, दुसरीकडे परीक्षण वाचून येऊन बोलणारा वेगळा. त्याच्यासाठीही ‘पान?’ हा प्रश्न पुरतो.

इथे एक जरा नाजूक गोष्ट सांगायला हवी. ग्रामीण बोलीतली कादंबरी घेतली की शहरात वाढलेले सदस्य ‘भाषा कळली नाही, म्हणून मजा आली नाही’ असं म्हणतात. नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत कळवण, सटाणा, मालेगाव, धुळ्याकडची घरं असतात आणि त्यांच्या घरात अहिराणी बोलली जाते. आमच्याकडे बागलाणातून आलेल्या एक वहिनी होत्या. गोलात कधी बोलायच्या नाहीत, सगळ्यांना पाणी द्यायच्या. खानदेशी बोलीतले संवाद असलेली एक कथा घेतली होती, तेव्हा त्यांना फक्त एवढंच म्हटलं की हे संवाद तुम्ही वाचा. त्यांनी वाचले. कागदावर अडखळवणारी वाक्यं ऐकताना सरळ कळली, कारण कुठे हेल काढायचा आणि कुठे तोडायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून पाणी बाकीचे देतात.

दलित आत्मकथनं, मुस्लिम किंवा आदिवासी घरातली कथा, अशी पुस्तकं घेताना मात्र हेच उलट पाळायचं. त्या समाजातला एखादा सदस्य गटात असेल तर त्याच्याकडे वळून ‘तुम्ही सांगा ना, तुमच्याकडे खरंच असं असतं का?’ असं विचारायचं नाही. तो वाचक म्हणून आलेला असतो. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर पुढच्या महिन्यात तो येणार नाही, आणि का आला नाही हे तुम्हाला कुणी सांगणारही नाही. त्याने आपणहून सांगितलं तर गोष्ट निराळी. आणि ‘आता कुठे राहिलंय असं काही’ हे वाक्य येणारच आहे, त्याची तयारी ठेवा. मी त्यावर वाद घालत नाही. ‘पुस्तकातलं कुठलं आता राहिलेलं नाही ते पान काढा’ म्हणते. पान काढायला गेलेला माणूस बहुतेक वेळा थोडा वेळ गप्प होतो. अशी पुस्तकं टाळू नका, पण पहिल्या सहा महिन्यांत घेऊही नका. गटाला पानांची सवय लागायला तेवढा वेळ द्या.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, मत शेवटी, सुचवणारा शेवटी, जाणकार चहानंतर, नवा सदस्य आधी. बाकीचं सगळं व्यवस्थेचं.

व्यवस्थेत सगळ्यात मोठी अडचण प्रतींची. बारा जणांना एकच पुस्तक महिन्यात वाचायला मिळणं सोपं नाही. तुमच्याकडे बहुधा चार-पाच प्रती फिरत असतील आणि शेवटच्याच्या हातात बैठकीच्या आदल्या रात्री पुस्तक पडत असेल. तसं असेल तर ‘छान आहे’चं अर्धं कारण तेच. हिशोब करा: चार प्रती, बारा वाचक, म्हणजे एका प्रतीमागे तिघं. प्रत्येकाला दोन आठवडे द्यायचे तर सहा आठवडे लागतात. मग बैठक दर महिन्याला कशासाठी? दर सहा आठवड्यांनी घ्या. मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी असे खंड पडतातच. वर्षाला सात-आठ पुस्तकं नीट वाचून झाली तरी भरपूर.

प्रती मिळवायच्या कुठून? १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, गावात आहेच. तीन-चार सदस्यांनी तिथलं सभासदत्व घेतलं तर एखादी प्रत तिकडून येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून गटांना पुस्तकांची पेटी मिळते आणि ती फार चांगली सोय आहे. पण पेटीतलं प्रत्येक पुस्तक निराळं असतं. म्हणजे प्रत्येकाने वेगळं वाचायचं आणि इतरांना ओळख करून द्यायची, अशा बैठकीला ती उपयोगी. पुस्तक-परिचयाची बैठक वाईट नसते, मात्र तिथे एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. चर्चा हवी असेल तर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलेलं असणं भाग आहे. आम्ही वर्षातून एकदा, २७ फेब्रुवारीच्या आसपास, कुसुमाग्रजांच्या वाढदिवसाच्या निमित्ताने परिचयाची बैठक ठेवतो. बाकी वर्षभर चर्चा.

कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुस्तकाची पीडीएफ टाकणार. पहिल्याच वेळी ती काढायला सांगा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं पुस्तकाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, तेव्हा त्यांचा मूळ मजकूर खुला आहे, नव्या संपादित आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि टीपांचा हक्क मात्र वेगळा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ संपेपर्यंत हक्काखाली. हक्क संपलेली बरीच जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर मिळतात. प्रती अगदीच मिळत नसतील तर वर्षातली दोन पुस्तकं तिथून निवडा. डोळ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ऑडिओबुक चालतं, आणि ‘ऐकलं म्हणजे वाचलं नाही’ असं त्यांना कुणी म्हणू नये. त्यांनी पानाऐवजी मिनिट सांगायचं.

व्हॉट्सॲपच्या गटावर पुस्तकाबद्दल मत टाकायला बंदी ठेवा. तारीख, जागा, प्रत कुणाकडे आहे, एवढंच. लिहिलेलं मत बोललेल्या मतापेक्षा कडक वाचलं जातं, त्यावर कुणीतरी रात्री अकराला उत्तर देतं, आणि बैठकीला माणसं आधीच रुसून येतात.

पोह्यांचं काय करायचं तेही सांगते, कारण ते दिसतं त्याहून मोठं आहे. एकीने पोहे केले की दुसरी साबुदाणा वडा करते, तिसरी पावभाजी, आणि सहाव्या महिन्यात कुणीही ‘माझ्याकडे या’ म्हणत नाही. शिवाय यजमान बाई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात, म्हणजे एक वाचक कमी. आमच्याकडे चहा आणि चिवडा, त्यापलीकडे काही नाही. चिवडा विकतचा. नाशिकमध्ये त्याची वानवा नाही.

आता गुणांबद्दल, कारण तुम्ही ते नीट विचारून लिहिलंय. लोकांना आकडे आवडतात, मान्य आहे. पण बारा जणांची सरासरी ३ आली म्हणजे काय कळलं? सहा जणांना फार आवडलेलं आणि सहा जणांना अजिबात न आवडलेलं पुस्तक, आणि सगळ्यांना ठीकठाक वाटलेलं पुस्तक, दोन्हींची सरासरी एकच येऊ शकते. आणि चर्चेला पहिलं पुस्तक कितीतरी जास्त चांगलं. नोंद ठेवायचीच असेल तर एका वहीत दर पुस्तकाखाली प्रत्येकाने काढलेलं पान आणि एक वाक्य लिहा. दोन वर्षांनी ती वही चाळायला कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त मजा येते. नव्या सदस्याच्या हातात ती दिली की कट्टा कसा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

राहिली वर्गणी. ठेवा, पण थोडी, आणि फक्त प्रतींसाठी. पुस्तक भिशीची पद्धत तुम्हाला माहीत असेल. दर बैठकीला प्रत्येकाने शंभर रुपये काढायचे, बारा जणांचे बाराशे होतात, त्यात पुढच्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती येतात. वाचून झाल्यावर त्यातली एक कट्ट्याच्या कपाटात ठेवायची आणि बाकीच्या चिठ्ठी काढून सदस्यांना द्यायच्या. ज्याला शंभर रुपये जड जातील त्याला कुणासमोर सांगावं लागू नये, म्हणून पैसे उघड गोळा न करता पाकिटात घ्या. हॉलच्या भाड्यात वर्गणी घालवू नका, आळीपाळीने घरी बसा. कपाटातल्या प्रतींची एक नोंदवही ठेवा, आणि कुणी पुस्तक किती दिवस ठेवलं तेही तीत लिहीत जा. पुढचं पुस्तक किती जाड निवडायचं ते त्यावरून कळतं.